वापरलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान घेताय? मग आधी चारी टायर बघा

मिशिगन, मिनेसोटा, बफेलो, बॉस्टन, टोरांटो अशा बर्फाच्या पट्ट्यात आलेल्या आपल्या लोकांचा पहिला हिवाळा संपला की प्रश्न ठरलेला असतो. पोरं दोन, आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणारेत, एसयूव्ही परवडत नाही किंवा चालवायला आवडत नाही, मग वापरलेली एडब्ल्यूडी (ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारी चाकांना ताकद जाणारी) सेडान घेऊ का? घ्या की, चांगला पर्याय आहे, पण ही गाडी साध्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीसारखी तपासून चालत नाही. कारण इथे चारी चाकं एकमेकांना बांधलेली असतात आणि आधीच्या मालकाने एका चाकाबाबत केलेला आळस पुढे अख्ख्या ड्राइव्हट्रेनला (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला) भोगावा लागतो. मी सुबारू लेगसी समोर धरून लिहितोय, कारण अमेरिकेत ती वर्षानुवर्षं फक्त एडब्ल्यूडीच विकली गेली, इंडियानातल्या लाफायेतला बनायची, २०२५ च्या मॉडेलनंतर बंद झाली, त्यामुळे आता जी मिळेल ती वापरलेलीच. बाकी गाड्यांचं मध्येमध्ये सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एडब्ल्यूडी गाडीला बर्फात सुटायला आणि चढ चढायला मदत करते, थांबायला अजिबात नाही. ब्रेक मारल्यावर गाडी किती घसरणार ते टायरवर ठरतं. तुमच्याकडे शहरातले रस्ते लगेच साफ होत असतील, घराला उतरता ड्राइव्हवे नसेल, तर साधी कॅमरी नाहीतर अकॉर्ड आणि त्यावर चार खरे विंटर टायर, हे झिजलेल्या ऑल-सीझन टायरवरच्या एडब्ल्यूडीपेक्षा जास्त सुरक्षित आहे असं माझं ठाम मत आहे. आणि सेडान ती सेडानच, लेगसीचा ग्राउंड क्लिअरन्स ५.९ इंच, त्याच प्लॅटफॉर्मवरच्या आउटबॅकचा ८.७ इंच. म्हणजे बर्फ काढणारा प्लाऊ यायच्या आधी फूटभर बर्फातून कामाला निघावं लागणार असेल, हॉस्पिटलची शिफ्ट वगैरे, तर सेडान पोटावर बसेल आणि चारी चाकं नुसती फिरत राहतील. अशांनी आउटबॅकच बघा.

एवढं करूनही एडब्ल्यूडी सेडानच हवी असेल तर आता टायर.

गाडी बघायला गेल्यावर रंग, सीट, स्क्रीन नंतर, पहिल्यांदा खाली वाका. चारी टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच साइजचे आहेत का ते बघा. मग टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. मग ट्रेड डेप्थ गेज (टायरच्या खाचांची, म्हणजे ट्रेडची, खोली मोजायचं साधन) घ्या, चार-पाच डॉलरला ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो, आणि प्रत्येक टायरची खोली मोजा, आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणी. सुबारूचं म्हणणं असं की चारी टायरच्या घेरामध्ये पाव इंचापेक्षा जास्त फरक नको, आणि पाव इंच घेराचा हिशोब केला तर ट्रेडच्या खोलीत तो जेमतेम १ मिलिमीटर येतो. एवढासा फरक! म्हणजे पुढचे दोन टायर नवे ११/३२ इंचाचे आणि मागचे जुने ६/३२ चे अशी गाडी दिसली तर समजायचं की मालकाने पैसे वाचवायला दोनच टायर बदललेत आणि तेव्हापासून पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा राहिल्याने त्यांना जोडणारा मधला क्लच सतत घासला गेलाय. ती गाडी लगेच बंद पडेल असं नाही, पण तो क्लच किती उरलाय ते बाहेरून कोणी सांगू शकत नाही. गेज नसेल तर क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) वापरा, वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत घातलं आणि डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर ४/३२ च्या खाली गेलंय, बर्फासाठी तो टायर संपला.

आत-बाहेर असमान झिजलेला टायर दिसला तर अलाइनमेंट बिघडलेली, किंवा सस्पेन्शन वाकलेलं, किंवा पूर्वी कुठे जोरात धडकलेली. आणि चारी टायर अगदी कोरे करकरीत पण अनोळखी स्वस्त ब्रँडचे असतील तर विक्रेत्याला प्रेमाने विचारा की जुने कधी काढले आणि का, पावती आहे का. चार चांगल्या टायरचा सेट फिटिंगसकट साधारण ७०० ते १,००० डॉलरला जातो आणि एडब्ल्यूडीला एक पंक्चर दुरुस्त होण्यासारखं नसलं की बऱ्याचदा चारही घ्यावे लागतात, हा खर्च तुमच्या मालकीच्या प्रत्येक वर्षात डोक्यात ठेवा.

टायर झाले की टॉर्क बाइंड, म्हणजे वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांना अडकणं. हे टेस्ट ड्राइव्हच्या शेवटी करा, गाडी गरम झाल्यावर, कारण थंड गाडीत लपून जातं. रिकामा पार्किंग लॉट शोधा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, ॲक्सिलरेटरला हलकासा पाय लावून हळूहळू गोल फिरा, मग दुसऱ्या बाजूला, खिडक्या खाली, रेडिओ बंद. गाडी सहज फिरली पाहिजे. अडखळत, धक्के देत, कोणीतरी मागून हँडब्रेक ओढल्यासारखी जात असेल, टायर डांबरावर किरकिरत असतील, तर पुढच्या-मागच्या शाफ्टमधला क्लच अडकतोय. वळताना बाहेरच्या बाजूने टक-टक-टक आवाज आला तर तो सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा), ते त्यामानाने स्वस्तात होतं. बाइंड मात्र ट्रान्समिशनच्या मागच्या भागाचं काम आहे, त्या गाडीवर पुढे वेळ घालवू नका.

आता गिअरबॉक्स. २०१० पासून २.५ लिटरच्या लेगसीत सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला. २०१० ते २०१५ च्या गाड्यांच्या सीव्हीटीच्या एवढ्या तक्रारी झाल्या की सुबारूने त्याची वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १ लाख मैल केली. आज त्यातल्या जवळपास सगळ्या गाड्यांची ती मुदत संपलीये, म्हणजे आता बिघाड झाला तर तुमच्या खिशातून, आणि नवीन सीव्हीटी बसवायला कित्येक हजार डॉलर लागतात, काही वेळा गाडीच्या किमतीच्या निम्मे. म्हणून चालवताना या गोष्टी नीट अनुभवा: ताशी २० ते ४० मैलांत ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून जाताना गाडी थरथरते का, रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी. सिग्नलला थांबताना शेवटच्या क्षणी इंजिन दबून बंद पडायला बघतंय का, हे टॉर्क कन्व्हर्टरचं लक्षण या पहिल्या वर्षांच्या गाड्यांत ओळखीचं आहे. पार्कमधून रिव्हर्स आणि मग ड्राइव्ह टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धप्पकन पकडते का. हलकी सीटी वाजल्यासारखा आवाज सीव्हीटीला असतोच, त्याला घाबरू नका. सर्व्हिसच्या कागदांत सीव्हीटीचं ऑइल कधी बदललंय का ते शोधा. ज्या मालकाने ६०,००० मैलांच्या आसपास स्वतःहून ते बदललंय त्याची गाडी मी शंभर-दोनशे डॉलर जास्त देऊन घेईन.

इंजिनचं वर्षावर ठरतं. २०१२ पर्यंतच्या २.५ मध्ये जुनं ईजे इंजिन, त्याला टायमिंग बेल्ट, जो १,०५,००० मैलांना बदलायचा असतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच जातं. तर १,१०,००० मैल झालेल्या गाडीचा बेल्ट, सोबत वॉटर पंप, बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरून किंमत बोला. याच घराण्यातल्या इंजिनांचं हेड गॅस्केटचं (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचं) दुखणं जगभर प्रसिद्ध आहे. सुबारूचं इंजिन आडवं झोपलेलं असतं, सिलेंडर डावी-उजवीकडे, त्यामुळे गळती खालच्या सांध्यातून होते आणि वरून बॉनेट उघडून दिसतच नाही, गाडी लिफ्टवर घ्यावीच लागते. वरून जे दिसतं तेवढं बघा: कूलंटच्या डब्यात तेलकट काळी कड, गाडी हायवेवर पळवून आल्यावर डब्यात बुडबुडे, बंद केल्यावर गोडसर वास.

२०१३ ला नवीन एफबी इंजिन आलं, टायमिंग चेन असलेलं, बेल्टची कटकट गेली, पण त्या पहिल्याच वर्षाची लेगसी ऑइल खाण्याबद्दलच्या क्लास ॲक्शन (अनेक ग्राहकांनी मिळून केलेल्या) खटल्यात होती आणि कंपनीला वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. म्हणून २०१३ ची बघताना डिपस्टिक स्वतः काढा, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर एकतर इंजिन तेल खातंय किंवा मालक बघतच नाही, दोन्ही आपल्याला नकोत. लेगसीच्या ३.६ आर मॉडेलमधलं सहा सिलेंडरचं इंजिन मला मनापासून आवडतं, चेनवालं, दमदार, चौघं आणि सामान घेऊन चढावर श्वास लागत नाही, पण पेट्रोल जास्त पितं. २०१५ च्या २.५ ला सरकारी आकडा एकूण ३० मैल प्रति गॅलन, ३.६ ला २३. रोज ५० मैल ऑफिसला जाणाऱ्याने हा हिशोब आधी करावा.

एका वाक्यात विचाराल तर मी २०१६ ते २०१९ मधली २.५ शोधेन. त्यातही बघण्यासारखं आहेच. २०१५ ते २०१९ च्या गाड्यांत बॅटरी उभ्या-उभ्या उतरण्याचा प्रश्न निघाला होता, त्यावरही खटला झाला, म्हणून बॅटरीवरची तारीख बघा आणि मालकाला विचारा की कधी जंप स्टार्ट द्यावा लागला का. २०१९ च्या गाडीला फ्युएल पंपाचा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) आहे, तो झालाय का ते तपासा. आयसाइट (कॅमेऱ्यांवर चालणारी सुबारूची सुरक्षा यंत्रणा) असलेली गाडी असेल तर तिचे कॅमेरे समोरच्या काचेला चिकटून असतात, काच बदलली असेल तर कॅमेरे कॅलिब्रेट केल्याचा कागद मागा, नाहीतर गाडीचा आपोआप लागणारा ब्रेक चुकीच्या वेळी लागेल किंवा लागणारच नाही, आणि मागे पोरं बसलेली असताना ही जोखीम कोणी घेऊ नये. २०१४ पर्यंतच्या लेगसी घेणाऱ्यांनी टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल आधी बघा, बाकी सगळं नंतर. एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर १७ अक्षरांचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला की राहिलेले रिकॉल फुकट दिसतात, आणि रिकॉलचं काम डीलर मोफत करून देतो, मालक कितवाही असो.

बाकी कंपन्यांचं थोडक्यात. कॅमरीला एडब्ल्यूडी २०२० च्या मॉडेलपासून परत मिळाली, अल्टिमाला २०१९ पासून, या मुळात पुढच्या चाकांच्या गाड्या, गरज पडली की मागे ताकद जाते. रोजच्या वापराला छान, टायरचा नियम यांनाही पाळायचाच. फोर्ड फ्युजन एडब्ल्यूडी २०२० पर्यंत बनली आणि स्वस्तात मिळते, पण तिच्यात पुढच्या बाजूला पॉवर ट्रान्सफर युनिट असतं, त्यात गिअर ऑइल अगदी थोडं, ते उष्णतेने जळून काळं होतं किंवा सीलमधून गळतं आणि कोणी बघतच नाही. मेकॅनिकला मुद्दाम तेच बघायला सांगा. आउडी क्वात्रो चालवायला सुंदर, पण वॉरंटीबाहेरची आणि पहिलीच घरची गाडी म्हणून मी सुचवणार नाही.

आता गंज, कारण बर्फाच्या राज्यात गाडी इंजिनाने मरायच्या आधी मिठाने मरते. रस्त्यावर टाकलेलं मीठ खालून सगळीकडे चढतं. टॉर्च घेऊन वाका, मागच्या चाकांच्या कमानी आतून बोटाने चाचपा, मागची सबफ्रेम (खालचा लोखंडी सांगाडा), एक्झॉस्टचे जोड आणि मुख्य म्हणजे ब्रेकच्या लोखंडी नळ्या बघा. वरवरचा तांबूस थर प्रत्येक गाडीला असतो, तो चालतो. पापुद्रे सुटत असतील, स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जात असेल, तर नको. खालून नुकताच जाड काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच संशय घ्या. कारफॅक्स या गाडीच्या इतिहासाच्या रिपोर्टवर गाडी कोणत्या राज्यात किती वर्षं होती ते दिसतं, सगळं आयुष्य जॉर्जिया नाहीतर टेनेसीत काढलेली गाडी खालून बघितली की फरक लगेच कळतो. पण दक्षिणेकडची गाडी म्हणजे पुराचीही असू शकते, हार्वे, इयन अशा प्रत्येक मोठ्या वादळानंतर भिजलेल्या गाड्या धुवून-पुसून दुसऱ्या राज्यांत विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ दिसते का, स्पेअर टायरच्या खड्ड्यात गाळ किंवा गंज आहे का, कार्पेटला कुबट वास येतो का. एनआयसीबी या विमा उद्योगाच्या संस्थेच्या साइटवर व्हिन टाकून चोरीची किंवा सॅल्व्हेज (मोठ्या नुकसानीमुळे मोडीत काढल्याची) नोंद फुकट बघता येते. कारफॅक्स स्वच्छ आहे म्हणजे अपघात झाला नाही असा अर्थ होत नाही, ज्याची नोंदच झाली नाही तो त्यात येणार कुठून.

गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर का ते विचारा. थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. सोबत वीस-पंचवीस डॉलरचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) न्या, फोनवर ॲप टाका. चेक इंजिनचा दिवा बंद आहे म्हणजे सगळं ठीक असं नाही, कोणी सकाळीच कोड पुसलेले असू शकतात, तसं असेल तर ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतः करत असलेल्या तपासण्या) पूर्ण झालेले नसतात. बॅटरी काढून लावली तरी असं होतं, म्हणून आरोप करू नका, पण दोनशे मैल चालवून मग परत दाखवा म्हणा. हायवेवर ६५ ला नेऊन ऐका, वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं म्हणजे व्हील बेअरिंग किंवा वेडेवाकडे झिजलेले टायर.

घरच्यांना घेऊन जा. आई-बाबांना मागे-पुढे बसवून बघा, सेडान खाली असते, गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठणं जड जातं आणि हे कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. कार सीट सोबत न्या आणि खरोखर लावून बघा, पुढची सीट किती सरकवावी लागते ते कळेल. २०१५ ते २०१९ च्या लेगसीची डिकी १५ घनफूट आहे, पण दोन माणसांच्या चार मोठ्या बॅगा एअरपोर्टवरून आणायच्या तर तोंडाची उंची अडवते. घरातली सगळ्यात मोठी बॅग रिकामीच सोबत न्या.

आणि मग मेकॅनिक. हे टाळू नका, विशेषतः गाडी आपल्याच मंडळाच्या ग्रुपवर मिळाली असेल तेव्हा. भारतात परत चाललेला किंवा दुसऱ्या राज्यात बदली झालेला कोणीतरी ओळखीतला विकत असतो, माणूस चांगला असतो, आणि त्याला कसं म्हणायचं की मेकॅनिककडे चल, ही भीड आपल्याला हमखास पडते. पण तो प्रामाणिक असला तरी त्याने स्वतः गाडी खालून कधी बघितलेली नसते, त्यालाही माहीत नसतं हेड गॅस्केट गळतंय का. सरळ सांगा, दादा, मी दोनशे डॉलर खर्च करून तपासून घेतो, रिपोर्ट तुलाही पाठवतो. खरा माणूस लगेच हो म्हणतो. उलट हो-ना करत तारखा पुढे ढकलणाऱ्याची गाडी, किंमत कितीही गोड असली तरी, सोडा. मेकॅनिक विक्रेत्याने सुचवलेला नको, शक्यतो सुबारूचंच काम करणारं स्वतंत्र गॅरेज शोधा, आणि त्याला लेखी यादी द्या: हेड गॅस्केटचे सांधे, पुढचा-मागचा डिफरेन्शियल, सीव्ही बूट, ब्रेकच्या नळ्या, सबफ्रेम. लिफ्टवर गाडी असताना तुम्ही खाली उभे राहा, फोटो काढा.

डीलरकडून घेत असाल तर खिडकीवर बायर्स गाइड नावाचा कागद लावणं बहुतेक राज्यांत त्याला बंधनकारक आहे, त्यावर ॲज-इज ची (आहे तशी, वॉरंटीशिवाय) खूण असेल तर गेटबाहेर पडल्यावर सगळं तुमचं. तोंडी दिलेली वचनं त्या कागदावर लिहून घ्या.

किमतीचं बोलताना मी मेकॅनिकचा रिपोर्ट समोर ठेवून एकेक खर्च मांडतो, टायर इतके, बेल्ट इतके, ब्रेक इतके, आणि तेवढेच कमी करा म्हणतो, हवेत आकडा टाकून घासाघीस केली तर समोरचा दुखावतो आणि हाती काही लागत नाही. व्यवहार ठरला की इन्शुरन्सचा कोट त्याच व्हिनवर आधी घ्या, इथे क्रेडिट हिस्ट्री नवीन असलेल्यांना तो आकडा कधीकधी हादरवतो. टायटलवरचं (गाडीच्या मालकीच्या कागदावरचं) नाव आणि विकणाऱ्याच्या लायसन्सवरचं नाव एकच आहे ना ते बघा, लोन असेल तर बँकेचं लीन रिलीज (कर्ज फिटून गाडीवरचा हक्क सोडल्याचं) पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, शक्य असेल तर त्याच्याच बँकेच्या शाखेत बसून पैसे आणि टायटल एकत्र बदला. २०११ आणि नंतरच्या मॉडेलला २० वर्षांपर्यंत विक्रीच्या वेळी ओडोमीटरचा आकडा लिहून सही करून द्यावा लागतो, तो आकडा काचेमागच्या आकड्याशी आणि जुन्या सर्व्हिसच्या पावत्यांशी ताडून बघा. मिशिगनमध्ये नाव बदलायला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जायचं, बऱ्याच राज्यांत डीएमव्हीत (वाहन नोंदणी खात्यात), अपॉइंटमेंट आधी घ्या आणि इन्शुरन्स त्याच दिवसापासून सुरू करून मगच गाडी घरी आणा.